उपमेचे पथ्य

आमच्या घरात सकाळी सात ते नऊ या वेळात एकही माणूस धडधाकट नसतो. प्रकृती सगळ्यांच्या ठणठणीत असतात, देवाची कृपा आहे. बिघाड असतो तो बोलण्यात.

"त्या गॅसवाल्याने नुसता डोक्याला ताप दिलाय," असं म्हणत आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येते. डोकं गार असतं, ताप गॅसवाल्याचा असतो. मी वर्तमानपत्राची घडी पुन्हा जशीच्या तशी घालत असतो, ते पाहून चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्हाला ओसीडी आहे." कन्येच्या मते तिचा साहेब बायपोलर आहे, कारण त्याने सोमवारी रजा मंजूर केली आणि मंगळवारी नामंजूर केली. भांडी घासायला येणाऱ्या बाई वर येता येताच सांगतात, की लिफ्टला आज परत फेफरं आलंय. आणि मी? मी सबंध घरभर चष्मा शोधतो, तो कपाळावर सापडतो, आणि मी मोठ्या प्रौढीने जाहीर करतो, "मला आता अल्झायमर झालाय!"

वर्तमानपत्र उघडावं तर तिथे सर्वसाधारण रुग्णालयच भरलेलं. सरकारला धोरणलकवा, बाजाराला मंदीचा ज्वर, शिक्षणाला कॉपीची कीड, राजकारणाला भ्रष्टाचाराचा कर्करोग, आणि एका कोपऱ्यात एक आजारी साखर कारखाना. या आजारी कारखान्याचं कोडं मला अजून उलगडलेलं नाही. कारखाना आजारी असतो, पण संचालक मंडळावरच्या एकाचंही वजन उतरलेलं दिसत नाही. माणसाची साखर वाढली की माणूस आजारी पडतो, आणि साखर वाढली नाही की कारखाना. आपल्या सरकारने तर १९८५ साली आजारी उद्योगांसाठी चांगला कायदाच केला होता. यथावकाश तो कायदाही गेला.

तर अशा या उपमा ऐकता ऐकता बशीतला उपमा गार होतो, आणि मी कामाला लागतो. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. आपल्या तोंडी येणारे रोग कुणाच्या तरी अंगी असतात, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ते आलं आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत.

विषय होता गच्चीच्या गळतीचा. आमच्या सोसायटीत विषय तोच असतो, फक्त वर्षं बदलतात. मला बोलायला सांगितलं. (खरं म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.) मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मंडळी, ही गळती म्हणजे आपल्या इमारतीला झालेला कॅन्सर आहे! आज तो गच्चीत आहे, उद्या चौथ्या मजल्यावर येईल, परवा तिसऱ्या. आणि कॅन्सर एकदा पसरला, की मंडळी, मग काही उरत नाही!"

इथे टाळ्या पडायला हव्या होत्या. एक पडली, ती पण अर्धी. आमची ही समोरून डोळे वटारत होती, पण ते ती एरवीही करते. मग माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बसल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला. रुमालाखाली नवे केस नुकते कुठे फुटायला लागले होते. सबंध सभा त्यांच्याकडे न बघण्याचा इतका आटोकाट प्रयत्न करत होती, की त्यापेक्षा सगळ्यांनी वळून बघितलं असतं तर बरं. मी कसाबसा खाली बसलो. गच्चीऐवजी मीच गळालो होतो.

सभा संपल्यावर मी जिन्यात त्यांची वाट अडवून उभा राहिलो. "वहिनी, चुकलो. तुमच्या भावना दुखावल्या..."

"भावनांचं राहू द्या हो भाऊजी," त्या म्हणाल्या, "भावना माझ्या धडधाकट आहेत. तुमची माहिती चुकली. काही उरत नाही म्हणालात. मी उरलेय की! डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी तोंड दाखवा. गच्चीचं मात्र काही खरं नाही."

आणि पदर सावरून त्या जिना चढून गेल्या. लिफ्टला फेफरं आलेलंच होतं.

मंडळी, मी त्या रात्री झोपलो नाही. भावना दुखावल्याचा आरोप मला पेलला असता. आपल्याकडे रोज कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावत असतात, आणि क्षमा मागायची एक ठरावीक पद्धतही तयार झालेली आहे. पण चूक? माहितीची चूक? मी आडवा पडून मनातल्या मनात बचावाचं भाषण सुरू केलं. म्हटलं, असे शब्द वापरायचेच नाहीत असं ठरवलं तर मराठी भाषा मुकी होईल... पाहा! 'मुकी'! बचाव करतानासुद्धा तोंड आवरत नाही ते असं.

पण बचावात तथ्य नव्हतं असं नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळ्या-बहिऱ्यांची गाठ पडते. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. शहाणी माणसं वेड पांघरून पेडगावला जातात, आणि ज्यांना तेवढं जमत नाही त्यांना आपण ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवतो. (पुण्यात राहणाऱ्याने एवढी काळजी घ्यावी, की येरवडा म्हणजे तुरुंग की मनोरुग्णालय, हे आधी स्पष्ट करावं. ठाण्यातही दोन्ही सोयी आहेत.) हे सगळं भाषेतून काढून टाकलं तर म्हणींचं पुस्तक दिनदर्शिकेएवढं बारीक होईल.

आणि आमच्या आजीचं काय झालं असतं? तिला बोलताच आलं नसतं. दुधाला तोंड लावणाऱ्या मांजराला, कोळसा कमी मापणाऱ्या वखारवाल्याला आणि परीक्षेत नापास होणाऱ्या मला, तिघांनाही ती एकच आशीर्वाद देई, "मेल्या, तुला पटकी येवो!" रागाचा पारा आणखी चढला की पटकीच्या जागी वाखा येई. लहानपणी मला पटकी म्हणजे एखादी चापट असावी असं वाटायचं. पुढे कळलं, की पटकी म्हणजे कॉलरा, आणि वाखा म्हणजेही तोच. आजीने तो रोग गावात घर घर फिरताना पाहिलेला होता. तिच्या तोंडी तो शब्द जिवंत निखाऱ्यासारखा होता. माझ्या तोंडी तो गार कोळसा झाला. आणि माझ्या मुलांना तो शब्दच माहीत नाही.

माहीत नाही याचं कारणही आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि पाण्याचं मिश्रण पिंपातून पाजायला सुरुवात केली, आणि माणसं वाचली. आजीच्या सगळ्यात भयंकर शापावरचा उतारा स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत होता! देवीची गोष्ट त्याच्याही पुढची. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. १९८० साली सबंध जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. आमच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे, तेवढीच काय ती तिची आठवण.

आणि इथे, पहाटे तीनच्या सुमारास, वहिनी काय म्हणाल्या ते माझ्या डोक्यात शिरलं. रोग बदलतो. त्याचं औषध निघतं, कधी तो समूळ जातो. पण आपण उपमेसाठी वापरतो तो रोग मात्र आजीच्या काळातला असतो. वैद्यक पुढे गेलेलं असतं, आणि भाषा जुनीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापुढे उभी असते.

या विषयावर कुणी शहाण्या माणसाने आधी विचार केला असेल का, म्हणून मी वाचनालय गाठलं. केला होता. सुसान सोंटाग या अमेरिकन विदुषीने १९७८ साली रोग आणि रूपकं याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता, पण त्या पुस्तकात स्वतःच्या दुखण्याचा तिने उल्लेखही केला नाही. (आमच्याकडे साधं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यावर दिवाळी अंकात लेख येतो. असो.) तिचं म्हणणं थोडक्यात असं, की क्षयाला आपण काव्याचा साज चढवला आणि कॅन्सरला पापाचा. दोन्हींत रोगी भरडला जातो. रोगाला रोगच राहू द्यावं. पण त्या पुस्तकातला मला सगळ्यात दिलासा देणारा भाग म्हणजे तिची कबुली. याच बाईंनी १९६७ साली एका लेखात सबंध गोऱ्या वंशालाच मानवी इतिहासाचा कॅन्सर ठरवून टाकलं होतं! तेव्हा व्हिएतनामच्या युद्धाने त्या संतापल्या होत्या. मी गच्चीने संतापलो होतो. चूक एकच, फरक इयत्तेचा.

क्षयाबद्दल मात्र बाईंचं म्हणणं आपल्याला सहज पटावं. आपण क्षयाला नावच दिलं राजयक्ष्मा. रोगांमध्ये सरदारकी मिळालेला हा एकटाच. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला गेले ते याच दुखण्याने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि त्या दुखण्याला मराठी मनात कायमची एक करुण शोभा आली. पुढे सिनेमावाल्यांनी तिचं सोनं केलं. नायिका दोनदा खोकली, पांढऱ्या रुमालावर लाल ठिपका पडला, की प्रेक्षक आपापले रुमाल काढायला मोकळे. मूळव्याधीने झुरून गेलेला नायक मी कुठल्याही भाषेत पाहिलेला नाही. पण सरकारी दवाखान्यात जाऊन बघा. तिथे क्षय म्हणजे सहा महिने न चुकता घ्यायच्या गोळ्या, उतरलेला चेहरा आणि "मुलीच्या सासरी कळू देऊ नका हं" अशी विनवणी. कॉख यांनी त्याचे जंतू १८८२ साली शोधले, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आलं. आता हा बहुतेकांना बरा होणारा रोग आहे. पण गोळीने जंतू मरतो, शब्दाची दहशत मरत नाही.

आता कुणी म्हणेल, की आपल्या संतांनी तर संसारालाच रोग म्हटलं. भवरोग! एवढी मोठी उपमा सोंटागबाईंनाही सुचली नसती. शिवाय एकनाथांनी मुका, बहिरा यांच्यावर भारुडं रचली, त्यांचं काय? मी ती पुन्हा वाचली, आणि एक गोष्ट लक्षात आली. नाथांचा मुका प्रथमपुरुषी बोलतो. 'तो मुका आहे' असं बोट तिथे नाही, 'मी झालो' अशी कबुली आहे. व्यंग दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याऐवजी त्यांनी ते स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं, आणि मग मोठमोठ्या पंडितांना त्यात आपला चेहरा दिसला. हा फरक फार मोठा आहे. तरीही नाथांना नमस्कार करून एक शंका विचारावीशी वाटते. वाचा गेली ती मागच्या करणीमुळे, हा जो हिशेब त्या भारुडात आहे, तो आपण गाणं संपल्यावर तिथेच ठेवला नाही. घरी घेऊन आलो. आजही कुणाच्या घरी मूल मुकं जन्मलं, की शेजारीण हळूच विचारते, "कुणाचं काही केलं होतंत का?" उपमा भारुडात होती तोवर अध्यात्म होतं. जिन्यात आली, की ती आईच्या काळजात घुसते.

आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे महारोग. हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की हुंडा हा महारोग, वशिला हा महारोग, आमच्या कचेरीत तर उशिरा येणं हासुद्धा महारोग होता. आता या रोगाची खरी हकिगत ऐका. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने त्याचा जंतू १८७३ साली शोधला. पाप नाही, शाप नाही, जंतू! तोही आळशी, फार सावकाश वाढणारा. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद उपजतच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचवला, आणि सहा महिने ते वर्षभरात हा रोग बरा व्हायला लागला. गोळ्या फुकट मिळतात. वेळेवर सुरू केल्या तर बोटं झडत नाहीत, नाक बसत नाही, काही होत नाही.

इतकं असून कायद्याच्या पुस्तकात हा रोग घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ सालापर्यंत बसून होता. औषध १९८१ चं आणि दुरुस्ती २०१९ ची. मध्ये अडतीस वर्षं. आणि आजही जगात दरवर्षी जे नवे रुग्ण सापडतात, त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात.

आता कल्पना करा. एका माणसाच्या पाठीवर फिकट चट्टा उठला आहे. तिथे टाचणी टोचली तर कळत नाही. त्याने आयुष्यभर 'महारोग' हा शब्द शिवीसारखा ऐकलेला आहे. तो दवाखान्यात जाईल? नाही. तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालील, आणि गप्प राहील. वर्ष, दोन वर्षं. तेवढ्यात मज्जातंतू जातात, मग बोटं जातात, आणि मग आपण म्हणतो, बघा, हा रोगच भयंकर! भयंकर रोग नव्हता हो. त्याची बोटं नेण्यात आपल्या उपमेचाही हात होता. हे कळल्यापासून मला तो शब्द गमतीने उच्चारता आलेला नाही.

मग शब्दच बदलावे का? आपल्याला तो उपाय फार आवडतो, कारण तो स्वस्त असतो. २०१५ सालापासून अपंगांना दिव्यांग म्हणायला आपण शिकलो. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या जवळच्या एका बँकेत दिव्यांगांसाठी खास खिडकी आहे, आणि त्या खिडकीपर्यंत जायला सहा पायऱ्या आहेत. माणसाचं नाव बदललं, पायऱ्यांचं बदललं नाही. उलट बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, त्या संस्थेचं नाव आजही महारोगी सेवा समिती असंच आहे. शब्द तोच, ज्याने आपण माणसं हाकलली. बाबांनी त्याच शब्दाखाली माणसं बोलावली, त्यांच्याकडून शेती करवून घेतली, माग चालवले, घरं बांधली. म्हणजे शब्द विषारी असतो असं नाही. तो कोण, कुणाला, कशासाठी म्हणतो, यावर त्याचं विष किंवा औषध ठरतं.

तेव्हा मी कुठलेही शब्द बाद केलेले नाहीत. फक्त स्वतःसाठी एक पथ्य लावून घेतलं आहे. रोगाची उपमा तोंडात आली, की मनातल्या मनात तो रोग असलेलं माणूस पहिल्या रांगेत बसवायचं, आणि विचारायचं, हे वाक्य त्याच्यासमोर खरं ठरेल का? त्याला बरं वाटेल का, हा पुढचा प्रश्न. आधी खरं ठरेल का?

डोक्याला ताप, डोकेदुखी, पोटशूळ हे शब्द या परीक्षेत पहिल्या वर्गात उतरतात. डोकं सगळ्यांचं दुखतं, आणि ते दुखणं असंच असतं. पण माझी वर्तमानपत्राची घडी नापास झाली. मला घडी घालताना आनंद होतो. ज्याला खरोखर ओसीडी असतो त्याला हात धुताना आनंद होत नाही. कातडी फुटली तरी त्याला थांबता येत नाही. कन्येचा साहेबही नापास, कारण बायपोलर माणसाच्या लहरी आठवडेच्या आठवडे, कधी महिने त्याला फरपटत नेतात. रजेच्या अर्जापुरत्या त्या येत नाहीत. माझा चष्मा तर सपशेल नापास. चष्मा विसरलो, हे मला आठवत होतं. ज्याला अल्झायमर असतो, त्याच्या हातात चष्मा असतो, आणि तो कशासाठी असतो हे त्याला आठवत नाही. शेजारी बसलेली बाई आपली बायको आहे, हेही आठवत नाही.

हे पथ्य सुरू केल्यानंतरच्या सभेत मी पुन्हा उठलो. विषय अर्थातच गच्ची. मी म्हणालो, "मंडळी, ही गळती म्हणजे..." आणि अडलो. मनात एकामागून एक रोगी पहिल्या रांगेत येऊन बसत होते. शेवटी म्हणालो, "ही गळती म्हणजे गळती आहे. चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या गाद्या भिजतात. दुरुस्तीच्या कागदावर सेक्रेटरींची सही तीन महिने झालेली नाही." आणि खाली बसलो. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण. टाळी एकच पडली, पण ती पूर्ण होती. वहिनींची.

मग त्या स्वतःच उठल्या. रुमाल गेला होता, केस चांगले बोटभर वाढले होते. सेक्रेटरींकडे वळून कडाडल्या, "अहो, तीन महिने एक सही होत नाही? हाताला लकवा भरलाय काय तुमच्या?"

सभा चिडीचूप झाली. वहिनींनी जीभ चावली. कारण शेजारच्या खुर्चीवर तळमजल्यावरचे आप्पा बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली ती अजून पुरती परतलेली नाही. मी मनात म्हटलं, पहिल्या रांगेत माणूस बसवायचा तो असा.

आप्पांनी काठी टेकली. सावकाश उठले. थोड्या अडखळत्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, उपमा चुकली. लकवा मला आहे. मी डाव्या हाताने सही करायला शिकलो. दर महिन्याला पेन्शन काढतो. यांना जे झालंय, त्याचं नाव डॉक्टरांकडे नाही."

सबंध सभा हसली. आप्पा सगळ्यात मोठ्याने हसले. आणि सेक्रेटरींनी तिथल्या तिथे, धडधाकट उजव्या हाताने, सही केली.